बरं होणं आणि जाणं, यांच्या मधली गोष्ट

आजारपणावरचे सिनेमे पाहिले, लोकांनी लिहिलेले अनुभव वाचले, की एक गोष्ट खटकते. या गोष्टींना दोनच शेवट ठाऊक असतात. एक तर माणूस बरा होऊन घरी जातो आणि सगळे टाळ्या वाजवतात. नाही तर तो जातो, आणि जाता जाता मागे राहणाऱ्यांना जगण्याबद्दल काहीतरी मोठं सांगून जातो. प्रत्यक्षात असंख्य आजारी माणसं या दोन्हींपैकी कुठेच नसतात. मधुमेह, संधिवात, पार्किन्सन, वर्षानुवर्षं पुरून उरणारं नैराश्य, किडन्या निकामी झाल्यावर आठवड्यातून तीनदा चार-चार तास चालणारं डायलिसिस, कॅन्सरचे उपचार संपल्यावरही प्रत्येक फॉलोअपच्या आदल्या रात्री उडणारी झोप. ही माणसं मधे राहतात. तिथेच संसार करतात, नोकऱ्या करतात, भांडतात, हसतात. त्यांच्या या मुक्कामाला गोष्टीत जागा नाही.

गोष्ट सांगितल्याने, सिनेमा केल्याने आजार पेलायला मदत होते यावर माझा विश्वास आहे. पण सांगणाऱ्यावर शेवट सांगायची सक्ती नसेल तरच ती मदत होते. आणि ही मोकळीक सांगणाऱ्याने स्वतः मिळवायची नसते, ऐकणाऱ्यांनी द्यायची असते. दवाखान्यांनी, घरच्यांनी, आणि तिकीट काढून किंवा मोबाइलवर फुकट पाहणाऱ्या आपण सगळ्यांनी.

कॅनडातले समाजशास्त्रज्ञ आर्थर फ्रँक यांना वयाच्या ३९व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि पुढच्याच वर्षी कॅन्सर निघाला. १९९५ साली त्यांनी आजारी माणसांच्या गोष्टींचे तीन प्रकार मांडले. पहिली परतीची गोष्ट: काल ठणठणीत होतो, आज आजारी आहे, उद्या पुन्हा ठणठणीत होईन. दुसरी सैरभैर गोष्ट. तिला ना धड सुरुवात ना शेवट, ‘आणि मग, आणि मग’ करत ती एकावर एक कोसळत राहते. तिसरी शोधाची: आजाराने जिथे नेऊन टाकलं तिथे काहीतरी गवसलं. या तिन्हींत ऐकायला सगळ्यात अवघड दुसरी, म्हणून ती कुणी ऐकून घेत नाही, हे फ्रँक यांचं निरीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. भेटायला आलेला माणूस तब्येत विचारतो आणि उत्तर लांबलं की चुळबुळ करायला लागतो. ‘होईल सगळं नीट’ हे वाक्य धीर देण्यासाठी असतं हे मान्य. बऱ्याचदा मात्र त्याने समोरच्याचं बोलणं तेवढं थांबतं.

बोलण्या-लिहिण्याने खरंच काही होतं का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर भाबडेपणाने देऊ नये. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातला क्लेशाचा प्रसंग. क्लेशाचं लिहिणाऱ्यांना त्या दिवसांत उलट जास्त वाईट वाटलं, रक्तदाबही चढला. पण ज्यांनी काय घडलं आणि त्याचं काय वाटलं हे दोन्ही लिहिलं होतं, त्यांच्या कॉलेजच्या दवाखान्यातल्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. १९९९ साली दमा आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवात असलेल्या शंभरावर रुग्णांवर असाच प्रयोग झाला. तीन दिवस, वीस-वीस मिनिटं. चार महिन्यांनी तपासलं तेव्हा क्लेशाचं लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांत वैद्यकीयदृष्ट्या दखल घ्यावी इतकी सुधारणा होती, आणि नुसते दिवसभराचे बेत लिहिणाऱ्यांपैकी सुमारे २४ टक्के लोकांत. पुढे २००६ मध्ये असे १४६ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम बराच लहान निघाला. शून्य नव्हे, पण लहान. म्हणून लिहिण्याला औषध म्हणून विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं. गोष्टीने सूज उतरत नाही, गाठ विरघळत नाही. तिचं काम निराळं आहे. जे नुसतं अंगावर आदळत होतं, त्याला आधी आणि नंतर मिळतं, आणि माणसाला त्या सगळ्यात आपण कुठे उभे आहोत ते दिसू लागतं.

लिहिण्यात एक अडचण मात्र आहे. लिहायला बसलेला माणूस नकळत नीटनेटका होतो. वाक्य सुरू केलं की ते पुरं करावंसं वाटतं, पान संपत आलं की काहीतरी शहाणपणाचं सांगून थांबावंसं वाटतं. सैरभैर गोष्ट कागदावर उतरता उतरताच शहाणी होऊन जाते. कॅमेऱ्याचं तसं नाही. समोर जे आहे ते तो घेत राहतो, आणि शरीर समोर असतं तेव्हा शब्दांना टाळता येतं ते त्याला टाळता येत नाही.

माझ्या मावशीला बरीच वर्षं ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. या आजारात सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात, तासभर, कधी त्याहून जास्त; दुपारपर्यंत ते बऱ्यापैकी मोकळे होतात. तिची तपासणीची वेळ कायम दुपारची. डॉक्टर बोटांचे सांधे दाबून पाहायचे, मूठ आवळायला सांगायचे, ती आवळायची, आणि केसपेपरवर ‘ठीक’ पडायचं. मग तिने मोबाइल कपाटाच्या कप्प्यात टेकवून सकाळी बटणं लावतानाचं शूटिंग करायला सुरुवात केली. चेहरा नाही, बोलणं नाही, फक्त हात. वरचं बटण काजात शिरता शिरता बोटांतून निसटतं. ती थांबते, डाव्या तळव्याने उजवी बोटं चोळते, पुन्हा धरते, पुन्हा निसटतं. पाहणाऱ्याला वाटतं, आता आपणच पुढे होऊन लावून द्यावं. एका क्लिपमध्ये दाराबाहेरून काकांचा आवाज येतो, ‘झालं का गं?’, आणि हात जागच्या जागी थबकतात.

पुढच्या खेपेला तिने मोबाइल टेबलावर ठेवला. ‘डॉक्टर, हे सकाळचे हात. दुपारचे तुम्ही बघताच.’ त्यांनी क्लिप दोनदा पाहिली आणि उपचार बदलले. पण मावशीला विचारलं तर ती वेगळंच सांगते. आधी बटणं लावताना तिला रडू यायचं. शूटिंग सुरू केल्यावर ती स्वतःच्या हातांकडे बघायला लागली, कुठलं बोट कधी दगा देतं ते तिला कळायला लागलं. दुखणं तेवढंच होतं, पण आता त्याच्याकडे बघणारं कुणीतरी होतं, आणि ती स्वतःच होती. काकांनी ती क्लिप एकदाच पाहायला घेतली. पूर्ण पाहिली नाही.

हे एका घरापुरतं नाही. अमेरिकेत बोस्टनच्या बालरुग्णालयात मायकेल रिच या डॉक्टरांनी दमा असलेल्या मुलांच्या हाती व्हिडिओ कॅमेरे दिले. रिच आधी सिनेमाच्या क्षेत्रात होते, मग डॉक्टर झाले. आपल्या आजाराबरोबरचं रोजचं जगणं तुम्हीच आम्हाला दाखवा, असं मुलांना सांगितलं. तपासणीच्या खोलीत प्रश्न विचारून जे हाती लागलं नव्हतं ते मुलांनी काढलेल्या चित्रणात होतं: घरातला धूर, धूळ, पाळीव प्राणी, औषध घेताना होणाऱ्या चुका, आणि श्वास अडकल्यावरची भीती. कुणी खोटं बोललं होतं असं नाही. विचारणाऱ्याला काय विचारावं हे माहीत नव्हतं आणि सांगणाऱ्याला यातलं सांगण्यासारखं काय आहे हे माहीत नव्हतं. कॅमेरा मुलाच्या हातात गेल्यावर काय महत्त्वाचं ते मूल ठरवू लागलं. माझ्या दृष्टीने कळीचा मुद्दा हाच. कॅमेरा आजाऱ्यावर रोखलेला आहे की आजाऱ्याच्या हातात आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

मधल्या मुक्कामाचा सिनेमा होऊ शकतो का? होऊ शकतो, आणि तो मोठाही होऊ शकतो. ब्रिटिश दिग्दर्शक डेरेक जार्मन यांची दृष्टी एड्समुळे झालेल्या संसर्गाने जात होती. १९९३ साली त्यांनी ‘ब्लू’ केला. सव्वा तासाहून थोड्या मोठ्या या सिनेमात पडद्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच निळा रंग आहे. बाकी सगळं कानांनी ऐकायचं: दवाखान्यातलं ताटकळणं, डोळ्यांत घालायची औषधं, औषधाच्या दुष्परिणामांची न संपणारी यादी, गेलेल्या मित्रांची नावं. प्रेक्षकाला कीव करायला चेहरा मिळत नाही. त्याला दिग्दर्शकाच्या न दिसण्यात बसून राहावं लागतं. जार्मन फेब्रुवारी १९९४ मध्ये गेले. पण सिनेमा मरणाच्या दृश्यावर उभा नाही, तो थांबण्यावर आणि हळूहळू कमी होत जाण्यावर उभा आहे. मराठीत २००४ साली आलेला ‘श्वास’ आठवा. नातवाच्या डोळ्यांत कॅन्सर आहे, ऑपरेशनने जीव वाचेल पण दृष्टी जाईल. त्या आधीचा उरलेला वेळ आजोबा त्याला दवाखान्यातून बाहेर नेऊन जग दाखवण्यात घालवतात. बरं होणंही नाही आणि मरणंही नाही. एक आयुष्य संपून दुसरं सुरू व्हायच्या मधला तो दिवस आहे, आणि लोकांच्या लक्षात राहिला तोच.

सांगणाऱ्याबद्दल आपण खूप बोलतो, ऐकणाऱ्याबद्दल फार कमी. फ्रेंच पत्रकार ज्याँ-दोमिनिक बोबी यांना डिसेंबर १९९५ मध्ये मेंदूचा झटका आला. मन शाबूत, पण सगळं शरीर लुळं; संवादासाठी उरली ती डाव्या डोळ्याची पापणी. त्या पापणीच्या उघडझापीतून त्यांनी आख्खं पुस्तक सांगितलं. ते मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि काही दिवसांतच बोबी गेले. ही कहाणी सांगताना सगळे पापणीबद्दल बोलतात. मला क्लोद मांदिबिल यांच्याबद्दल बोलावंसं वाटतं. त्या शेजारी बसून अक्षरं म्हणत राहायच्या, भाषेत जास्त लागणारं अक्षर आधी आणि कमी लागणारं नंतर अशा क्रमाने. हवं ते अक्षर आलं की पापणी मिटायची, मग पुन्हा पहिल्यापासून. घाई न करता, पुढचा शब्द आपल्या मनाने न लावता दुसऱ्याच्या वाक्याची वाट पाहत बसणं हे मोठं काम आहे. ते शिकता येतं, आणि ते शिकवलं पाहिजे.

डॉक्टरांचं काय? १९८४ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या, तर रुग्णाने तक्रार सांगायला सुरुवात केल्यापासून डॉक्टर सरासरी अठराव्या सेकंदाला मधे बोलत होते. वेळ नसतो, हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. २००२ साली स्वित्झर्लंडमध्ये ते तपासून पाहिलं गेलं. डॉक्टरांना सांगितलं, रुग्ण आपणहून थांबेपर्यंत मधे बोलायचं नाही. रुग्ण सरासरी ९२ सेकंद बोलले, आणि जवळजवळ पाचातल्या चौघांचं बोलणं दोन मिनिटांच्या आत संपलं. जिथे डॉक्टरमागे रांग न संपणारी आहे तिथे दोन मिनिटंही जड जातात, हे मी नाकारत नाही. पण मग ती दोन मिनिटं दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावीत: नर्सकडे, समुपदेशकाकडे, ऐकण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवकाकडे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. रिटा शेरॉन विद्यार्थी-डॉक्टरांना रुग्णाबद्दल आणखी एक टिपण लिहायला लावत आल्या आहेत. केसपेपरमध्ये ज्याला जागा नाही पण जे लिहून ठेवल्यावाचून राहवत नाही, असं सगळं त्यात साध्या भाषेत लिहायचं. याला महागडं यंत्र लागत नाही.

ऐकून लिहून घेण्याचा आणखी एक प्रकार कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वी चोचिनोव यांनी आणला. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या माणसाशी ठरावीक प्रश्नांच्या आधाराने बोलायचं, ते ध्वनिमुद्रित करायचं, उतरवून नीट करायचं, त्यालाच वाचून दाखवायचं, तो म्हणेल तिथे बदलायचं आणि मग त्याच्या हाती द्यायचं. २००५च्या पहिल्या अभ्यासातल्या शंभर जणांपैकी ९१ टक्के लोक समाधानी होते. २०११ साली जास्त काटेकोर तुलना झाली, तेव्हा मानसिक त्रास मोजण्याच्या पट्ट्यांवर इतर पद्धतींपेक्षा ठळक फरक दिसला नाही. तरीही रुग्णांनी स्वतः ही पद्धत जास्त उपयोगी पडल्याचं सांगितलं. मोजपट्टीला जे सापडलं नाही ते माणसांनी सांगितलं, आणि मी दोन्ही गोष्टी एकत्र धरून चालेन. मला या पद्धतीत सगळ्यात भावते ती ‘त्यालाच वाचून दाखवायचं’ ही पायरी.

आता उलट बाजू, जिच्यामुळे हा प्रश्न खासगी न राहता सार्वजनिक होतो. मोबाइलने सांगणं सोपं केलं, पण त्याच मोबाइलने सांगण्याचे नियमही घालून दिले. उपचारांसाठी पैसे उभे करायचे तर व्हिडिओत डोळ्यांत पाणी हवं, मूल लहान आणि गोड हवं, आजाराला सोपं नाव हवं. वयस्कर, तापट, चुकीच्या सवयींमुळे आजारी पडलेल्या माणसाच्या व्हिडिओवर कुणी थांबत नाही. ज्यांच्यावर उपचार लागू पडतायत त्यांनी ‘लढवय्या’ व्हायचं. मग ज्यांना उपचार लागू पडत नाहीत ते कमी लढले का? हे कुणी तोंडाने म्हणत नाही, पण गोष्ट तशीच रचली की अर्थ तोच निघतो, आणि तो पलंगावरच्या माणसापर्यंत बरोबर पोहोचतो. आपण पाहणारे यात निर्दोष नाही. जो व्हिडिओ आपण शेवटपर्यंत पाहतो, तसाच पुढचा आजारी माणूस काढतो.

याच्या जोडीला न सांगण्याचा हक्कही मानायला हवा. अमेरिकन लेखिका सुझन सोंटाग यांनी १९७८ साली आजारांना चिकटवल्या जाणाऱ्या लढाईच्या आणि कलंकाच्या रूपकांवर एक पुस्तक लिहिलं. त्या स्वतः तेव्हा स्तनांच्या कॅन्सरच्या उपचारांतून गेल्या होत्या. पुस्तकात त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. स्वतःला बाजूला ठेवून विचार मांडणं हाही आजाराला सामोरं जाण्याचा मार्ग असतो. बोलायला भाग पाडण्याचे परिणाम तर अभ्यासातूनच दिसले आहेत. अपघात, हल्ला अशा आघातांनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं बोलायला लावण्याची पद्धत एके काळी सर्रास वापरली जायची. २००२ साली अशा प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा तिने नंतरचा मानसिक आजार टळतो याचा पुरावा सापडला नाही, काही ठिकाणी तर उलट नुकसान झाल्याचं दिसलं, आणि ही सक्ती बंद करावी असं तज्ज्ञांनी स्पष्ट सुचवलं. ‘मोकळं हो, बोलून टाक’ म्हणणाऱ्या प्रेमळ माणसांनी हे लक्षात ठेवावं. वेळ ज्याची त्याने ठरवायची.

आजार नसतानाही आयुष्य बदलतं तेव्हा हेच लागू होतं. घटस्फोट, निवृत्ती, गेलेली नोकरी, आईवडिलांची शुश्रूषा करता करता बदललेलं आपलं नातं, स्वतःची लिंगओळख उघडपणे जगायला केलेली सुरुवात. या सगळ्यात एक काळ असा येतो की जुनी गोष्ट चालत नाही आणि नवी अजून सांगता येत नाही. मानसशास्त्रज्ञ जोनाथन ॲडलर यांनी मानसोपचार घेणाऱ्या माणसांना त्या काळात वेळोवेळी स्वतःबद्दल लिहायला सांगितलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आधी लिखाण बदललं, मग तब्येत. आयुष्याची सूत्रं आपल्याही हातात आहेत असं लिखाणात दिसू लागलं आणि मानसिक स्वास्थ्यातली सुधारणा त्याच्या मागून आली. म्हणजे बरं वाटायला लागल्यावर माणूस चांगली गोष्ट सांगतो, एवढंच घडत नाही. कधी कधी गोष्ट पुढे जाऊन जागा करून ठेवते.

म्हणून दीर्घ आजारांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक विभागात सांगायला एक जागा आणि ऐकायला एक माणूस असावा, आणि तो खर्च उपचाराच्याच खर्चात धरावा. डायलिसिसच्या चार तासांत माणूस एका जागी बसलेला असतो, हात सुईला बांधलेला, छताकडे बघत. सांगायला याहून मोकळा वेळ कुठला? सिनेमा करणाऱ्यांनी आजारी पात्राला शेवटी मारून किंवा बरं करून सुटका करून घेऊ नये, आणि पटकथेच्या पहिल्याच खर्ड्यापासून तो आजार जगणारं माणूस सोबत घ्यावं. शूटिंग झाल्यावर ‘अचूकता तपासायला’ बोलावणं हे सोबत घेणं नव्हे.

परवानगीबद्दल तर फार काटेकोर असायला हवं. वेदनाशामकांच्या गुंगीत, पैशांच्या चिंतेत, डॉक्टर नाराज होतील या धाकात दिलेला होकार हा होकार धरू नये. तो दुसऱ्या, बऱ्या दिवशी पुन्हा विचारावा, चित्रण आधी त्या माणसाला दाखवावं, आणि दाखवून झाल्यावरही नको म्हणायची मुभा ठेवावी. मुलांच्या बाबतीत हे आणखी कडक हवं. चार वर्षांच्या मुलीचे केमोथेरपीने गेलेले केस, तिचं ओरडणं, तिच्या अंगातल्या नळ्या आईवडिलांनी हताशपणे जगासमोर मांडल्या, त्यात त्यांचा दोष मी पाहत नाही. पैसे हवे होते, आधार हवा होता. पण ती मुलगी पुढे चौदा वर्षांची होते, वर्गातलं कुणीतरी तिचं नाव शोधतं आणि सगळ्यात आधी ते चित्रण वर येतं. ते राहू द्यायचं की काढायचं हे ठरवायचा हक्क तेव्हा तिचा असला पाहिजे, आणि ज्या संस्था असे व्हिडिओ करवून घेतात त्यांनी तो हक्क शूटिंगच्या दिवशीच करारात लिहून दिला पाहिजे.